गिरणी कामगारांचे लोखंडे

मुलांनो, सकाळी साडेनऊच्या सुमारास खराडीत नगर रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. कंपन्यांच्या बस, रिक्षा आणि दुचाकी गाड्या यांची रांग लागलेली दिसेल. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसे काचेच्या उंच इमारतींकडे निघालेली असतात. त्याच इमारतींत आणखीही काही माणसे जातात. त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. दारावरचा रखवालदार, फरशी पुसणाऱ्या बायका, चहा देणारी पोरे, आणि शेजारी नवी इमारत उठत असेल तर घमेले डोक्यावर घेऊन चढणारे मजूर. मुळा-मुठेच्या काठी जिथे पूर्वी शेते होती, तिथे आज हजारो माणसे पोट भरायला येतात. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, चाचा किंवा मोठे भाऊ त्यांत असतील.

एकदा मी वर्गात विचारले होते, की रविवारी कोणाकोणाचे अब्बा घरी असतात. काही हात वर झाले, पण बरेच झाले नाहीत. एका मुलाने सांगितले की त्याचे अब्बा रखवालदार आहेत, त्यांना रविवार नाही आणि दुसराही कोणता वार नाही. एक दिवस घरी राहिले तर त्या दिवसाचा पगार कापला जातो. त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, पाऊस पडतो हे सांगावे तसे सांगितले. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. ही रविवारची सुट्टी सुरू तरी कोणी केली? सरकारने, की इंग्रजांनी?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांची हकीकत आज तुम्ही वाचणार आहात.

लोखंडे यांचे मूळ गाव आपल्याच पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. त्यांचा जन्म मात्र १८४८ साली ठाण्यात झाला. घर माळी समाजाचे आणि गरीब होते. ठाण्यातच ते इंग्रजी शिकले, पण पैशाअभावी पुढचे शिक्षण झाले नाही. काही दिवस रेल्वेत आणि काही दिवस टपाल खात्यात त्यांनी नोकरी केली. नंतर मुंबईला मांडवीच्या एका कापड गिरणीत त्यांना स्टोअरकीपरची जागा मिळाली. स्टोअरकीपर म्हणजे गिरणीच्या सामानाचा हिशेब ठेवणारा कारकून. किती माल आला, किती गेला, काय मोडले, काय हरवले, हे सगळे त्याच्या वहीत लिहिलेले असते. जागा बरी होती. सावलीत बसून काम, डोक्यावर ओझे नाही. मनात आणले असते तर लोखंडे त्या खुर्चीवर आयुष्यभर बसू शकले असते.

आता त्या काळातील गिरणी कशी होती ते पाहू. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या खूप वाढल्या. रत्नागिरी, सातारा आणि पुणे या भागांतून दुष्काळ आणि कर्ज यांनी गांजलेली माणसे मुंबईला आली. उत्तरेकडून जुलाहे, म्हणजे मोमीन विणकर आले. इंग्रजी यंत्राच्या स्वस्त कापडाने त्यांचे हातमाग बसवले होते. त्यांपैकी अनेक जण मदनपुऱ्यात राहिले आणि गिरण्यांच्या मागांवर काम करू लागले.

काम सूर्य उगवला की सुरू होई आणि मावळला की थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे काम तेरा-चौदा तासांचे. आठवड्याची सुट्टी नव्हती. यंत्रे साफ करायची असतील किंवा मोठा सण असेल, तेव्हाच गिरणी बंद राहायची. कापसाचे तंतू हवेत उडत आणि छातीत जात. यंत्रांचे पट्टे उघडे फिरत असत. त्यांत धोतराचे टोक किंवा बोट सापडले तर माणूस कायमचा अधू होई. अधू माणूस गिरणीच्या कामाचा उरत नसे, म्हणून त्याची जागा दुसऱ्याला मिळे. विणलेल्या कापडात खोट निघाली तर विणकराचा पगार कापत, कधी ते खोटे कापडच त्याच्या गळ्यात मारून त्याची किंमत वसूल करत. केलेल्या कामाचा पगार कित्येक आठवडे मालकाकडे अडकून राहत असे. तोवर कामगाराने काय खायचे? तो सावकाराकडे किंवा वाण्याकडे उधारी करी आणि व्याज भरी. म्हणजे पाहा, मालक कामगाराचे पैसे बिनव्याजी वापरत होता आणि कामगार मात्र दुसऱ्याचे पैसे व्याजाने आणत होता.

शिवाय जॉबर होता. जॉबर म्हणजे मुकादम. कामगार भरणे, काढणे आणि रजा देणे हे सर्व त्याच्या हाती असे. तो नोकरी लावण्यासाठी दस्तुरी घेई. मालक आणि कामगार यांच्यामध्ये तो उभा असल्यामुळे खाली काय चालले आहे याच्याशी आपला संबंध नाही, असे मालकाला मानता येई. आज खराडीसारख्या ठिकाणी जॉबरच्या जागी ठेकेदार आला आहे. रखवालदार किंवा सफाईवाली बाई कंपनीच्या दारात काम करते, पण कागदावर ती ठेकेदाराची असते. २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगांसाठी काही तत्त्वे मान्य केली. आपल्या धंद्यामुळे कोणत्या माणसाच्या हक्काला धक्का लागतो हे प्रत्येक उद्योगाने स्वतः शोधावे, नुकसान झाले असेल तर भरून द्यावे, आणि ज्यांच्यामार्फत तो काम करून घेतो त्यांच्याकडेही पाहावे, असे त्यांत आहे. ही तत्त्वे नवी असली तरी त्यांतला प्रश्न मुंबईच्या गिरण्यांइतका जुना आहे.

लोखंडे हे सर्व आतून पाहत होते. बाहेरचा माणूस गिरणीचे फक्त धुरांडे पाहतो, स्टोअरकीपर मात्र तिची वही पाहतो. त्या वहीत मोडलेल्या सुट्या भागाची नोंद असे, मोडलेल्या बोटाची नसे. याच काळात ते महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या कामात आले. हा समाज फुले यांनी १८७३ साली पुण्यात स्थापन केला होता. समाजातील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ नावाचे पत्र सुरू केले, परंतु ते चालवणे त्यांना कठीण झाले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईला नेले आणि संपादकपद हाती घेतले. गिरणीच्या आतल्या गोष्टी आता छापून येऊ लागल्या. पुढे त्यांनी ती सावलीतली नोकरी सोडून दिली.

१८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. होय मुलांनो, सात वर्षांचे मूल नऊ तास काम करू शकत होते, आणि ही सुधारणा समजली गेली. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्या कायद्यात काहीच नव्हते.

येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या गिरणीमालकांना हिंदुस्थानात असा कायदा हवाच होता. मुंबईच्या गिरण्या जास्त तास चालतात, म्हणून त्यांचे सूत स्वस्त पडते, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना कामगारांची दया आली होती असे नाही. त्यामुळे इथली अनेक वर्तमानपत्रे कायद्याच्या विरुद्ध होती. हा आपला धंदा बुडवण्याचा डाव आहे असे त्यांना वाटे, आणि त्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता. पण मग कामगाराने काय करायचे? मालक आपल्या देशाचा आहे म्हणून त्याने चौदा तास उभे राहायचे? लोखंडे आणि ‘दीनबंधु’ कामगाराच्या बाजूने राहिले. देशी धंद्यावर आणि देशी मालकांवर प्रेम असलेल्या लोकांमध्ये हे करणे सोपे नव्हते. पारशी समाजातील सोराबजी शापुरजी बंगाली हेही त्यांच्याआधीपासून कामगारांसाठी कायदा मागत होते. मालकांमध्ये पारशी पुष्कळ होते, तरी बंगालींनी आपली बाजू बदलली नाही.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगापुढे कारखानदार आणि अधिकारी बोलणार हे ठरलेलेच होते. कामगार बोलणार होते का? लोखंडे यांनी त्याच सप्टेंबर महिन्यात परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ म्हणजे मुंबई गिरणी कामगार संघ याच धडपडीतून उभा राहिला. आपल्या देशातील कामगारांची ही पहिली संस्था मानतात. खरे सांगायचे तर आजच्या युनियनसारखे तिचे रूप नव्हते. सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, निधी नाही. बहुतेक भार एकट्या लोखंडे यांच्यावर होता.

सभेत एक अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर असताना जखम झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, माणूस जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

या मागण्या पुन्हा एकदा वाचा. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे बाराएक तास होतात. इतके काम करायला ते तयार होते. पगार वाढवा असेही कोठे नाही. जो ठरला आहे तो वेळेवर द्या, एवढेच आहे. मला ही यादी वाचताना नेहमी वाटते, की इतके थोडे मागायलाही त्यांना सभा भरवावी लागली.

आता यातले शब्दही पाहा. अर्ज, सही, मालक, मजूर, कायदा, हक्क, तारीख. हे सारे शब्द तुम्हाला घरूनच येतात. आपण छुट्टी म्हणतो, मराठीत सुट्टी म्हणतात. मोमीन विणकर आणि रत्नागिरीचा कामगार यांना एकमेकांचे सगळे बोलणे कळत नसेल, पण या अर्जातले निम्मे शब्द दोघांचे होते.

मग रविवारच का? सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, हे एक कारण. घाटावरचे आणि कोकणातले बहुसंख्य कामगार रविवारला खंडोबाचा वार मानत, हे दुसरे. काही गावांतील उर्दू शाळांना शुक्रवारी सुट्टी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. वार कोणता हा वेगळा प्रश्न आहे. सात दिवसांतून एक दिवस माणूस यंत्राचा नसावा, स्वतःचा आणि घरच्यांचा असावा, ही लोखंडे यांची मागणी होती. मुलाशी बोलावे, आजारी आईजवळ बसावे, कपडे धुवावेत, झोपावे. आणि ध्यानात घ्या, अनेक विणकरांना कापडाच्या मापावर मजुरी मिळत असे. एक दिवस माग बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. तरीही त्यांना सुट्टी हवी होती, इतके ते थकले होते.

१८८४ चा अर्ज बाजूला पडला. आयोगाच्या अहवालानंतरही कायदा बदलला नाही. पाच वर्षांनी, १८८९ मध्ये, पुन्हा अर्ज करण्यात आला. या वेळी तो थेट गव्हर्नर जनरलकडे गेला. नंतर २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण ज्या काळात मुलीला शाळेत पाठवणे हे धाडस होते, त्या काळात सूत गुंडाळणाऱ्या बायका दहा हजार लोकांपुढे उभ्या राहून आपली अडचण सांगत होत्या. त्यांची नावे कोणी जपून ठेवली असती तर ती तुम्हाला आज पाठ करायला सांगितली असती.

सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला. सरकारचा नवा कायदा येणार हे मालकांनाही दिसत होते. १० जून १८९० रोजी त्यांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या नव्या आयोगात बंगाली होते, आणि कामगारांची बाजू मांडण्यासाठी लोखंडे यांची मदत घेण्यात आली. १८९१ साली कायदा झाला. सर्व कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळाली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली आणि स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली.

लोखंडे गिरणीपुरते थांबले नाहीत. त्या काळी काही जातींत विधवेचे केस काढून टाकत. लोखंडे यांनी मुंबईतील नाभिकांची सभा घेतली आणि त्यांनी हे काम करायचे नाही असे ठरवले. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी पैसे मिळत असूनही एक काम नाकारले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. माणसे मेली, दुकाने लुटली गेली, गिरण्या बंद पडल्या. ज्या मागांवर काल दोघे शेजारी उभे होते, ते आज एकमेकांच्या मोहल्ल्यात जायला घाबरू लागले. लोखंडे दोन्हीकडच्या वस्त्यांतून फिरले आणि लोकांना शांत केले. राणीच्या बागेत त्यांनी सर्व धर्मांच्या लोकांची सभा भरवली. गिरण्यांच्या मालकांत पारशी होते, भाटिया होते, खोजा होते, ज्यू होते. कामगारांत हिंदू होते, मुसलमान होते. पगार कापताना किंवा तास वाढवताना कोणी कोणाचा धर्म विचारला नव्हता. दहा वर्षे ज्या माणसाने दोघांसाठी एकच अर्ज केला होता, त्याचे बोलणे त्या दिवसांत दोन्ही वस्त्यांत ऐकले गेले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तिची सुरुवात मांडवीत झाली, जिथे लोखंडे यांनी कधी काळी वही सांभाळली होती. लाखो लोक शहर सोडून गावी पळाले. गिरण्यांना माणसे मिळेनात. मग एरवी कित्येक आठवडे पगार अडकवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला तयार झाले. जे आजवर जमत नाही असे सांगितले जात होते, ते माणसे कमी पडताच एका हंगामात जमले.

लोखंडे गावी गेले नाहीत. आजारी कामगारांच्या सेवेत ते राहिले आणि त्यांनाच प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नासच्या आसपास होते. पुढच्याच महिन्यात पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही अंत झाला.

त्यांच्या पाच मागण्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. सुट्टी आणि विश्रांती त्यांनी स्वतः पाहिली. कापड गिरणीतल्या पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा १९११ साली आली, तीही बारा तासांची. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा १९४६ च्या कायद्याने आली. कामावर जखमी झालेल्यास भरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला. पगार ठरलेल्या तारखेच्या आत देण्याचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडले, म्हणजे सुपारीबागेच्या सभेनंतर बावन्न वर्षे गेली. २००५ मध्ये भारत सरकारने लोखंडे यांचे टपाल तिकीट काढले. कामगार कायद्याचे शिक्षण देणाऱ्या मुंबईतील सरकारी संस्थेलाही त्यांचे नाव आहे. ती संस्था परळलाच आहे.

हा धडा वर्गात सांगून झाल्यावर मी मुलांना त्या पाच मागण्या वहीत लिहून घेऊन घरी जायला सांगितले. घरातील कमावत्या माणसाला विचारायचे आणि जी गोष्ट मिळते तिच्यापुढे खूण करायची. दुसऱ्या दिवशी रखवालदाराच्या मुलाने वही आणली. दुपारच्या विश्रांतीपुढे खूण होती. पगाराच्या तारखेपुढे खूण होती. जखमेच्या भरपाईपुढे प्रश्नचिन्ह होते, कारण त्याच्या अब्बांना ते माहीत नव्हते आणि ते ठेकेदाराला विचारणार होते. कामाच्या तासांपुढे त्याने बारा असा आकडा लिहिला होता. रविवारपुढची जागा कोरी होती.